दोरा कोणता वापरला

आखाजीला महिना होता
आणि माझा उजवा हात डोक्यावरच्या पदरापर्यंत जाईना.
धुळ्याच्या डॉक्टरने फिल्म उजेडावर धरली,
म्हणाला, खांद्यातली दोरी तुटलीय, काकू.
एकदम नाही, झिजत झिजत.
काम काय करता?
काही नाही, मी म्हटलं, घरीच असते.
तेव्हा हे खुर्चीतून पुढे वाकले:
मांडे करते ती. एकतीस वर्षं.
अमळनेरात कुणालाही विचारा.

हे मोजत होते, मला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी मानेजवळ सुई दिली
आणि हात माझा राहिला नाही.
डाव्या हाताने चाचपला:
ओल्या फडक्याखाली मुरत ठेवलेली कणीक,
कोमट, जड,
कुणाच्या घरची कोण जाणे.

जागी झाले तर हे डॉक्टरांसमोर उभे,
गळ्यात टेप दुकानातली तशीच,
विचारत होते, दोरा कोणता वापरला?
डॉक्टर हसले. हे हसले नाहीत.
टाका एकेरी की दुहेरी?
ताण आला तर उसवेल का?
आयुष्यभर लोकांच्या बाह्या जोडणारा माणूस,
कापड आधी कुठे जातं
त्याला विचारा.

सुरतेहून ललिता रोज व्हिडिओवर यायची.
मी फोन असा धरायचे
की नुसता गाल दिसेल.
आते कसं शे, माय?
बरं शे.
तुले दुखस का?
नही व.
चौथ्या दिवशी म्हणाली, फोन दादांकडे दे.
ह्यांनी फोन फिरवला, सावकाश,
गिऱ्हाइकाला आरसा दाखवावा तसा:
काळे पट्टे, सुजलेली बोटं,
खांद्यावर उसवून टिचबटणं लावलेलं माझं पोलकं.
तिच्या मागे मिक्सर चालू होता.
तो तिने बंद केला.

मग मी सांगितलं.
रात्री अडीचला उशा रचून बसते ते.
परकराची गाठ डाव्या हाताने सुटत नाही,
आणि हाक मारायची लाज वाटते, ते.
ह्यांनी वेणी घातली तर इतकी घट्ट
की दिवसभर भुवया वर.
ती हसली, मग रडली, मग मिक्सर लावला.
हे दाराशी उभे होते.
त्या रात्रीपासून दिवा चालू ठेवतात,
मला भीती वाटते म्हणतात.
मला कधी वाटली?

आखाजीला खापर सुनेने तापवलं.
पहिला मांडा कोपरावर फाटला.
दुसरा चुलीत गेला, वास गल्लीभर.
मी खाटेवरून ओरडत होते:
मनगट सैल सोड, रोहिणी,
खांदा नको, खांदा नको लावू,
आणि बोलता बोलता थांबले.

तिसरा जाड झाला. आमरसात बुडवून
सगळ्यांनी खाल्ला, कुणी काही म्हटलं नाही.
मी म्हटलं. मीठ कमी.

आता रोज सकाळी बोटं भिंतीवर चढवते,
मुंगीसारखी, वीत वीत.
जिथे थांबतील तिथे हे
शिवणाच्या निळ्या खडूने रेघ मारतात, तारीख लिहितात.
शेजारीच नातवाच्या उंचीच्या रेघा आहेत.
परवा मी त्याच्या बालवाडीला पोचले.
तो म्हणाला, आजी, घाई नको करू,
पहिलीत अभ्यास असतो.

आज बोटं थांबली, श्वासही थांबला,
आणि ह्यांनी रेघ मारली
बोटांच्या चांगली अर्धा इंच वर.
टेप गळ्यातच होती.
मी म्हटलं, वर गेली ती.
खडू खिशात टाकत म्हणाले,
असू दे. माया सोडलीय.