सहाव्या थरातली तार

शीबा टीचरनी मोबाइलवर फोटो दाखवला.
टूटू म्हणतात ह्याला. अकरा हवेत,
तेवीस तारखेला भावे नाट्यगृहात कार्यक्रम आहे.
मी म्हटलं, शिवते.
घणसोली गावात ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश
सगळं माझ्याकडंच येतं,
ह्या झग्याचं ते काय.

पहिला घोट्यापर्यंत आला.
पांढरा, घंटेसारखा, चालणारीच्या मागं जरा रेंगाळणारा.
मला फार आवडला.
टीचर हसल्या. म्हणाल्या, रंजूताई,
तुम्ही जवळजवळ दोनशे वर्षं मागं जाऊन शिवलंत.
पॅरिसला तेव्हा असाच होता.
नाचणारीनं परी व्हायचं, भूत व्हायचं,
जमिनीला पाय लागतात हे
कुणाला कळू द्यायचं नाही.

रात्री मशीनवर बसले तेव्हा सुचलं,
भुताला तरी उलटे का होईना
पाय असतात की.

दुसरा गुडघ्यापर्यंत कापला.
कापलेली नेट खाली पडली, तिच्यात मांजर झोपलं.
टीचर म्हणाल्या, आता आलात पन्नास वर्षं पुढं.
इटलीहून मुली आल्या होत्या म्हणे,
एका पायाच्या अंगठ्यावर बत्तीस गिरक्या घेणाऱ्या.
एवढी मेहनत कोण झाकून ठेवेल?
घागरा चढत गेला.

मधेच त्यांनी दिव्यांचं सांगितलं.
रंगमंचाच्या कडेला गॅसच्या उघड्या ज्योती
आणि अंगावर हे असलं, फुंकरीनं हलणारं कापड.
तुरटीत बुडवलेलं, न पेटणारं कापड निघालं होतं,
पण ते पिवळट दिसायचं, कडक व्हायचं.
एकीनं लिहून दिलं, मी माझं नेहमीचंच घालणार.
पुढचं टीचर बोलल्या नाहीत.
मी उठून इस्त्रीचा प्लग काढला.

आणि नाव? नाव कुठून आलं?
टीचर इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या,
खालच्या स्वस्त जागांवर बसून वर बघणाऱ्यांनी ठेवलं म्हणतात.
बाळाच्या बुडाला लाडानं म्हणतात ना, तसला शब्द.
दोघी इतक्या हसलो
की माप चुकलं.

तिसरा आखूड. बारा थर. ताटासारखा आडवा राहायला हवा.
राहीना.
भिजलेल्या कोंबडीसारखा लोंबला.
दोन दिवस टाके घातले, उसवले.
सासरे ओट्यावर पाग विणत होते, खाडीत आता
मासा नाही तरी विणतात.
काय गो ह्यं, म्हणाले.
हातात घेतलं, जाळं झटकतात तसं झटकलं, वर धरून बघितलं.
पाग फेकला की हवेत गोल उघडतो,
मग कडेच्या शिशानं खाली बसतो.
तुला खाली बसवायचा नाय ना?
मंग कडेला काय नको लावू. मधी घाल.

सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणली.
सहाव्या थरात ओवली.
राहिला.

टीचरना फोन केला तर म्हणाल्या, पोचलात तुम्ही आजपर्यंत,
एका आठवड्यात.

मला मात्र आई आठवत होती.
मिठागरात उतरताना लुगडं
मांडीपर्यंत खोचायची, घट्ट, एका झटक्यात.
पोटऱ्यांना मीठ चावायचं.
तिचा घागरा कधी आणि कसा आखूड झाला
ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

बावीस तारखेला जुईली घालून बघायला आली.
आठ वर्षांची. आरशासमोर गोल फिरली
आणि विचारलं, मावशी, ह्यात बसायचं कसं?
बसायचं नाही, म्हटलं.

अकराही उलटे करून एकावर एक रचले,
रिक्षाची मागची सीट भरली.
मी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी टेकून गेले
वाशीपर्यंत, एक पाय बाहेर.