रताळी रंग

पद्मराज शेठनी मोबाइल माझ्या आलेखकागदावरच ठेवला.
"हे तीनच. नारिंगी, निळा, आणि हा…
काय की म्हणतात याला. सोमवारपर्यंत नमुना पाहिजे."
आणि गेले, चहा अर्धा टाकून.

वडगावात आमच्या गल्लीत
दुपारी बोलायचं तर ओरडूनच.
मागांच्या खडखडाटात मी चौकोन भरत बसले.
नारिंगी लगेच सापडला:
खानापूरच्या भट्टीतून काढलेलं, अजून हाताला गरम लागणारं कौल.
निळाही फार लांब नव्हता,
येळ्ळूरच्या गडामागे
दिवे लागायच्या आधी दहा मिनिटं असतो तो.
अंगाला नारिंगी, काठाला निळा,
शेजारी शेजारी ठेवले
आणि कागद थरथरायला लागला.
खरंच. डोळे मिटले तरी
पापणीआड दोघांची हमरीतुमरी चालूच.
उभ्यात एक, आडव्यात दुसरा घालून बघितलं,
तर दोघे मिळून झाले
श्रावणातल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी.

मग तिसरा.
दस्तगीरमामूंच्या रंगखोलीत जाऊन "लव्हेंडर" म्हटलं.
डब्यांच्या ओळीवरून त्यांचं बोट फिरलं.
"जांभळा हाय. वांगी हाय.
हे तुझं लवंडर कुठल्या गावचं?"
म्हटलं, जांभळा घ्यायचा, धुवायचा, परत धुवायचा…
"म्हणजे विटका?"
विटका नाही हो मामू.
विटकं वेगळं आणि फिकं वेगळं,
हे उकळत्या हंड्यापाशी उभं राहून
कुणाला कसं सांगायचं?

कांड्या भरणारी गंगव्वा मान न उचलता म्हणाली,
"गेणसिन हूव."

रताळ्याचं फूल!
जन्मभर उपवासाला रताळी उकडली मी,
त्याला फूल येतं हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेकिनकेरेच्या पहिल्या बसनं
तिच्या भाच्यानं वेल आणला, ओल्या पोत्यात गुंडाळून,
मुळांना तांबडी माती तशीच.
"दहाच्या आत बघा," गंगव्वा म्हणाली, "मग मिटतंय ते."
कर्ण्यासारखं फूल.
घशात गडद,
कडेला येईस्तोवर जवळजवळ काहीच नाही.
मामूंनी चष्मा कपाळावर चढवला.
चिमूटभर निळा, नखभर गुलाबी, बाकी पाणी.
लडी बुडवली, पिळली, उन्हात धरली.
परत.
परत.
चौथ्या लडीला फूल मिटलं
आणि मामू म्हणाले, "असू दे. पाठ झालं."

आठ तारा घातल्या, जास्त नाही.
नारिंगी संपतो, निळा सुरू होतो,
त्या फटीत करंगळीच्या नखाहूनही अरुंद.
थरथर थांबली.
भरल्या बसमध्ये
कुणी न बोलता पाय आखडून घेतं ना,
तसा निळा जरा मागे सरकला
आणि नारिंगी बसला.

शेठनी नमुना दारातल्या उजेडात नेला.
"तिसरा कुठाय?"
दाखवला.
"एवढ्यासाठी बीम वेगळं भरायचं? मजुरी कोण देणार?"
मी तिसऱ्याविना विणलेला तुकडाही पुढे केला.
दोन्ही बघितले. परत बघितले.
"हाच बरा दिसतोय की," बोट नेमकं आठ तारांवर.
"पण ऑर्डर त्याची लिहा. साठ नग."

साठ गेल्या, थरथरत.
हातभर नमुना गंगव्वानं मागून घेतला,
त्याची चष्म्याला पिशवी शिवली.
आणि परवा
पलीकडच्या गल्लीतला कुणी पोरगा
मागांच्या वर आवाज काढून ओरडत होता,
"मामू, रताळी रंग हाय का?"

आतून मामू:
"दहाच्या आत ये."