खाल्लेलं मीठ

हापावेसीत सहा महिने रस्त्यावर मीठ पडतं.
बर्फ वितळतो. मीठ मुरतं.
हिल्का राउतिओची व्होल्वो अमेझॉन, मॉडेल सहासष्ट,
पन्नासेक हिवाळे हेच खात आली.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे मीठच जागं राहिलं,
रात्रंदिवस, उंबऱ्याखालच्या पोकळीत,
आणि आतून खात गेलं.

वरून गाडी पांढरीशुभ्र.
मी स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली.
पत्रा वाजला नाही,
भिजल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला.

कापायच्या आधी आधार.
हे मला तोइवोनेनने शिकवलं, ओरडून,
माझ्या हातून एक गाडी कमरेत वाकली त्या दिवशी.
तिची दारं पुढे कधीच नीट लागली नाहीत.
म्हणून आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळ्या:
बिजागरीपासून कुलपापर्यंत एक,
तिला छेदून तिरकी दुसरी,
मग डाव्या-उजव्याला बांधणारी आडवी.
कर्ण मोजले, छतावर खडूने आकडे लिहिले.
अर्ध्या सेंटिमीटरचा फरक.
गाडीचा की माझा?
पुन्हा मोजलं. माझा.

हिल्का थर्मास घेऊन आली, आत डोकावली.
नळ्यांचं जाळं बघून म्हणाली,
"आता यात बसायचं कुणी?"
"कुणीच नाही. तिची ती उभी राहीपर्यंत."

ग्राइंडर लावला. थरावर थर निघाले:
डांबर, डांबराखाली फायबर,
फायबरखाली पुट्टी, पुट्टीत दाबलेला
एकोणऐंशी सालच्या वर्तमानपत्राचा बोळा,
बटाट्याचे भाव अजून वाचता येत होते,
आणि सगळ्यात आत
निळ्या मिन्याचा तुकडा, कुठल्याशा दुकानाच्या पाटीचा,
त्यावर अर्धं अक्षर.
सतरा रिव्हेट. दोन एका रेषेत नाहीत.

"हे वेल्डरचं काम नाही," मी म्हणाले.
हिल्काने हातमोजा काढला,
रिव्हेटांवरून बोट फिरवलं.
"ही पाटी आमच्या सरपणाच्या खोपटात होती."
मग जरा वेळाने,
"तपासणीच्या आधी एन्सिओ गाडी ओउलूला घेऊन गेला होता.
वेल्डरला सहाशे मार्क मोजले म्हणाला."
एन्सिओला जाऊन अकरा वर्षं झाली.
बाहेर उणे सव्वीस. हीटर घुमत होता.
"मग सहाशे मार्क गेले कुठं?"

मी मास्क खाली ओढला.
असल्या प्रश्नांपुढे मास्क बरा पडतो.

इथे एक टाका, तिथे एक,
मग थेट दुसऱ्या टोकाला.
एका जागी रेंगाळलं की पत्रा रुसतो, फुगतो,
मग हातोडीने समजूत काढत बसा.
टाका निवू द्यायचा, बोटाला सोसेल इतका.
मगच शेजारचा.
अंधार तिथे तीनलाच पडतो;
तोवर वीतभर झालं तर पुष्कळ.
आतली पट्टी मी दीड मिलिमीटरची घातली,
जॅक लागतो तिथे दुहेरी.
ती कुणाला दिसणार नाही.
भार तिच्यावरच.
आधी झिंक, शेवटी पोकळीत गरम मेण,
कडेच्या भोकांतून ठिबकेपर्यंत.

एप्रिलमध्ये आधाराच्या नळ्या कापल्या,
एकेक करून, श्वास धरून.
गाडी बसली नाही.
छतावरचे खडूचे आकडे तेच.

हिल्काने दार ओढलं.
थप्प. एकच आवाज.
उघडलं, पुन्हा लावलं. चारदा.
मला वाटलं आता रडेल.
तिने निळा तुकडा पिशवीत टाकला,
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि पावती मागितली.
"आकडा अक्षरातही लिही," म्हणाली.
"आणि आतल्या पट्टीचे फोटो दे."