शेऱ्याचा रकाना

व्हॅक्सिन डेपोत सकाळी येणारे सगळे
एकाच वाटेनं गोल फिरतात:
टिळकवाडीचे पेन्शनर, कॉलेजची पोरं,
साखर वाढलेले, साखर वाढेल म्हणून भ्यालेले.
मीही अकरा वर्षं तशीच फिरले
डाव्या हाताला रान ठेवून,
बोलणं टाकलेल्या भावकीच्या दारावरून जावं तशी.

रानात शिरले ते रोजंदारीवर.
झाडांची मोजणी. दिवसाला चारशे, चहा आपापला.
कशासाठी मोजायची ते कागदावर नव्हतं,
आम्हीही विचारलं नाही.

इराण्णा टेप धरायचा, मी लिहायची.
मागनं लुमाण्णा, चुन्याचा डबा, ब्रश,
एका चपलेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला.
फॉर्म कानडीत. मला अक्षरं येतात,
त्यांचा शब्द व्हायला जरा वेळ लागतो.
"मत्ती," इराण्णा म्हणायचा.
"ऐन," मी.
"नेरळे."
"जांभूळ की ते."
"होन्ने," तो म्हणाला, मी बिबळा म्हटलं,
आणि त्यानं कोयत्याच्या टोकानं सालीला
इवलासा चरा दिला.
लाल आलं.
थोडा वेळ दोघंही गप्प.
मग, घेर एकशे बारा.

टाकीच्या मागं गेल्यावर
खानापूर रोड पातळ होत गेला.
आधी बस विरली, मग रिक्षा,
शेवटी कुणाच्या तरी स्कूटरची किक,
मारतोय मारतोय, लागतच नाही.
दहा वाजले तरी मार्गशीर्षातलं धुकं
अजून अंथरुणात.
पायाखाली सागाची पानं, पापड मोडावेत तशी.
तीन दगडांची चूल, राख गार.
मोराचं अर्धं पीस.
फांदीला शाळेचा टाय लटकवलेला, गाठ न सोडता;
लुमाण्णानं तो बघितला आणि उगाचच हसला.

पुढं करवंदीच्या जाळीत एक दगडी हौद,
आत पाणी नाही, शेवाळ आणि एक बेडूक.
वासरांना पाजायचा असावा,
लशीच्या काळातला, इराण्णा म्हणाला.
असेल, मी म्हटलं.
हात आपोआप दंडावर गेला,
तिथं देवीचा वण आहे, जुन्या चार आण्याएवढा.
इराण्णानं बाही वर सारली. त्याचे दोन.
लुमाण्णा आपला दंड उलटसुलट करून बघत राहिला.
त्याला काहीच नाही. तो नंतरचा.

आणि हौदापलीकडं ते झाड.
पान ऐनाचं नाही, साल बिबळ्याची नाही,
चुरडलं तर कैरीचा वास
आणि त्याच्या मागनं, हलकासा, रॉकेलचा.
इराण्णानं बैलहोंगलला भावाला फोन लावला.
भाऊ म्हणाला, फोटो पाठव. रेंज गेली.
मी जांबोटीच्या मामांबरोबर हिंडलेलं
सगळं रान आठवून पाहिलं,
काजऱ्यापासून कुंभ्यापर्यंत.
सकाळपासून एकेका झाडाला दोन दोन नावं देत आलो होतो,
इथं एकदम खिसे रिकामे.

"नंबर टाकू काय, बाई?"
ब्रशचा थेंब लुमाण्णाच्या पायावर पडला.
इराण्णानं टेप गुंडाळून पुरता घेर घेतला,
दोनशे सहा, मोठ्यानं सांगितला.
मी लिहिला नाही.
त्यानं परत सांगितला नाही.
"बघूया मागनं," तो म्हणाला.
"आयतु," मी म्हणाले.
आणि झाडाला वळसा घालून
आम्ही पुढच्या जांभळाकडे गेलो, नेरळेकडे.

संध्याकाळी बेरीज जुळली.
सातशे बारा हौदाच्या अलीकडं,
सातशे तेरा करवंदीच्या पलीकडं,
मध्ये पाच पावलं.
शेऱ्याच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही,
फक्त पेनाचं टोक टेकवून उचललं,
तेवढा ठिपका राहिला.

आता मी सकाळी उलटी फिरते,
रान उजव्या हाताला.
समोरून येणारे पेन्शनर हात हलवतात,
"बाई, राँग साइड!"
होय की, म्हणते,
आणि टाकीपाशी आल्यावर
चपलेतला खडा काढायला म्हणून
जरा जास्तच वेळ थांबते.