अर्धा दिवस

सकाळ माझी, असं ठरलं होतं.
तलाव किती एकरांचा, पाळ कुणी घातली,
सारसांची जोडी कुठल्या बांधीत उतरते,
अकरा वर्षांचं पाठांतर
आग्नेष्काबाईंना ओळीनं दाखवलं.
त्यांनी मान डोलावली. दोनदा घड्याळ बघितलं.

दुपार त्यांची.
"मागे येऊ नका," हसत म्हणाल्या, पण म्हणाल्याच.
मी नंबर लिहून दिला,
कुत्र्यांची गल्ली कोणती तेही सांगितलं,
आणि टपरीवर पाळेकडे तोंड करून बसलो,
पोरगी पहिल्यांदा एकटी बाजाराला गेल्यासारखा.
तीन चहा झाले.

पाचला आल्या. चप्पल हातात, बोटं काळी,
रुमालात उकडलेले शिंगाडे.
सायत्रा दिघोरेच्या चुलीपाशी बसल्या होत्या म्हणे,
भाषेवाचून.
बोडीपल्याडच्या कोपऱ्याला सायत्रा म्हणते
"नि-ज-वट".
शब्द जिभेवर तीनदा घोळवला,
मग गालाखाली तळहात ठेवून
अर्थही सांगितला: बगळे झोपतात तिथं.

मी याच गावचा.
मला हे नाव ठाऊक नव्हतं.

शिंगाडा सोलून दिला त्यांनी, मी खाल्ला.
उद्या सकाळ परत माझी आहे.
एकर सांगून झाले की
कुठं गप्प व्हायचं, तेवढं ठरवतोय.