पेन्सिलीचा रकाना

दूध संस्थेचं सकाळचं संकलन आटपलं
की मापं उपडी घालते
आणि हातांचा वास तसाच घेऊन
कळंब्याच्या तलावावर येते.
पाणी बांधापासून चाळीस पावलं मागं सरलंय.
दिवाळीत जिथं लाट यायची तिथं आता चिखल,
चिखलावर एक तुतवार
शेपूट वरखाली, वरखाली,
कुणी न विचारताच हो म्हणत सुटलेला.

वही संस्थेचीच, जुनी, अर्धी कोरी.
लिटर, फॅट, दर असे छापील रकाने.
लिटर खोडून मी पक्ष्याचं नाव केलं,
फॅट खोडून पहिलं दर्शन,
दर खोडून शेवटचं.

पहिलं सोपं असतं.
तीन नोव्हेंबर, भुवई बदकं, अकरा.
निळ्या शाईत, खाली रेघ मारून.
आलेलं दिसतं.
गेलेलं कसं दिसणार?
आज सव्वीस होती. उद्या असली
तर आजचं शेवटचं नव्हतं.
म्हणून तो रकाना पेन्सिलीनं भरते,
रोज खोडते, रोज भरते.
फेब्रुवारी सरेस्तोवर कागद तिथं
कांद्याच्या पापुद्र्यागत होतो.

हे शिकलगार सरांनी लावलेलं खूळ.
चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर काढून म्हणायचे,
कागद नंतर, आधी बघा.
काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले
तेव्हा दुर्बीण माझ्या गळ्यात घातली
आणि मिरजेला लेकीकडं गेले.
साडेआठला फोन येतो.
"हाईत का गं?"
"हाईत, सर."
"ऐकव."
मी फोन पाण्याकडं धरते.
नर बोलतो, कंगव्याच्या दातांवरनं
नख ओढावं तसा, कर्रर्र.
सर काही वेळ गप्प.
मग, "भुवई कशी दिसतीया?"
"चुन्यानं ओढल्यागत."
"हं. ठेव."

आठवडाभर पाण्यावर चुळबूळ.
उठायची, कात्यायनीच्या डोंगराकडं एक वळसा घालायची,
परत येऊन तिथंच बसायची.
बांधावरचा पळस पेटलेला,
त्यात भोरड्यांची शाळा सुटल्यासारखा कालवा.
ट्यूबवर बसून जाळं सोडणारा महिपती म्हणाला,
"ह्यांच्या पिशव्या भरून झाल्या, ताई.
नुसती गाडी लागायची ऱ्हायलीया."
ती लांब कुठं जातात ते मला नीट माहीत नाही.
सर सांगायचे, तिथं आत्ता तळ्याचा बर्फ
कडेकडेनं सुटत असतो,
आणि काठावर कुणीतरी, कानटोपी घालून,
आपल्यासारखंच येडं, वाट बघत असतं.
आपण खोडतो तेव्हा तो लिहितो.

आज पाणी मोकळं.
मोकळं म्हणजे चांदवे होते, दोन म्हशी होत्या,
लाल पायांचा शेकाट्या
परसात फिरावं तसा फिरत होता.
मी दोनदा मोजलं.
शून्यसुद्धा दोनदा मोजावं लागतं.

"हाईत का गं?"
"हाईत," तोंडातून निघून गेलं.
"ऐकव."
धरला फोन.
म्हशीचं फुरफुरणं, तुरुंगाचे नऊचे टोले,
पलीकडच्या रानात उसाच्या गाडीवरचा कर्णा.
हात अवघडला तरी धरून ठेवला.
फोन कानाला लावला
तर सर अजून ऐकतच होते.
मग म्हणाले, "काल किती होती?"
"एकतीस."
"मग कालचीच तारीख घाल. शाईनं."

बांधावर बसले, वही मांडीवर.
पेन टेकवला तसा कागद फाटला नाही,
पण शाई आरपार उतरली
आणि पुढच्या पानावर,
जिथं अजून काहीच लिहिलेलं नाही,
पहिल्या दर्शनाच्या रकान्यात
एक निळा ठिपका उमटला.