दंडातला उंदीर

मिस थर्लबींनी तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं
आणि म्हणाल्या, माझ्या दंडात उंदीर आहे.
नर्सनं लिहिलं: भास होतात.
चौथ्या दिवशी: गळ्याखालची छोटी चावी कुठाय?
पाचव्या दिवशी, गुडघ्यावर हात ठेवून:
बशी दुखते.

वय चौऱ्याऐंशी. राहणार ग्रिम्सबी.
मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी.

चाळीस वर्षं या बाईंनी
गोदीवरच्या पोरांना लॅटिन शिकवलं.
फळ्यावर एक इंग्रजी शब्द आडवा घालायच्या,
कॉडसारखा, डोक्यापासून शेपटीपर्यंत
खडूनं चिरायच्या
आणि आतला काटा अख्खा उचलून दाखवायच्या:
हा तुमचा नाही, माझाही नाही,
रोमहून आलाय, आणि बघा, अजून टोचतो.
पोरं हसायची. ट्रॉलरवर कशाला लागतंय लॅटिन?

आता मांस गळून गेलं.
मसल गेला, क्लॅव्हिकल गेलं, पटेला गेली.
उरले नुसते काटे.
कुणी एक रोमन माणूस, दंड वळवताना
कातडीखाली काहीतरी सुळकन पळालेलं बघून
लाडानं म्हणाला असेल, उंदरुकला.
आपण तिथेच बेटकुळी पाहिली.
कुणाच्या अंगणात काय फिरतं, तेवढाच फरक.

वॉर्डात हे एकीलाच कळलं.
स्टामातिया, कावालाची. फरशी पुसते.
इंग्रजी बोलताना अडखळते,
पण ज्या पाट्या वाचून ग्रिम्सबीची माणसं घाबरतात
त्या तिला घरच्या वाटतात.
नेफ्रॉलॉजी, कार्डिओलॉजी:
गुर्दा आणि काळीज,
आईचं बोट धरून खाटकाकडे शिकलेले शब्द.
तिनं मॉप भिंतीला टेकवला,
बाही वर केली, दंड वळवला.
पोन्दिकी, म्हणाली. आमच्यातही उंदीरच.
म्हातारीचा अर्धा चेहरा हलला नाही.
अर्धा हसला.

सहाव्या दिवशी डॉक्टर टॉर्च घेऊन आला,
पापणी वर केली.
बाहुली, मिस थर्लबी म्हणाल्या. छोटी बाहुली.
मराठीत तरी यात चुकीचं काय होतं?
रोमला न विचारता आपणही कधीतरी
कुणाच्या डोळ्यात इतकं जवळून वाकलो असणार.
डॉक्टरनं लिहिलं: सुधारणा नाही.

रात्री खाटेखालून मॉप फिरवून झाल्यावर
स्टामातिया त्याच डोळ्यावर वाकली.
मराठी कानाला कोरी म्हणजे काही न लिहिलेली पाटी.
तिच्या भाषेत कोरी म्हणजे डोळ्यातला काळा ठिपका,
आणि मुलगीसुद्धा.
तिची नऊ वर्षांची आहे. कावालाला, मावशीपाशी.
त्या ठिपक्यात, निळ्या एप्रनमधलं
कुणीतरी एवढंसं
तिच्याकडेच बघत उभं होतं.

कोरी, ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली,
मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आलं की
हलवायच्या तशी.